मागच्या चाकांना रुंद टायर घेण्याआधी

हॅम्बर्गमध्ये जुनी गाडी घेताना आपला माणूस दोन गोष्टी बघतो: किती किलोमीटर पळाली आहे आणि पुढची ट्युफ, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, कधी आहे. त्यात गाडी जरा खाली बसवलेली, मागे रुंद टायर, चाकं कमानीच्या कडेपर्यंत भरून आलेली असली की तो खूशच होतो. आधीच्या मालकाने हौसेने केलेला खर्च आपल्याला फुकटात मिळतोय असं त्याला वाटतं. माझी २००३ची बीएमडब्ल्यू, थ्री सिरीजमधली ई४६, अशाच एका हौशी माणसाकडून आली. चाकांचा मंजुरीचा कागद होता, स्प्रिंगांचाही कागद होता, आणि दोन्ही कागद अस्सल होते. टायर तरीही घासत होता.

एकट्याने गाडी चालवताना हे कळायला मार्गच नव्हता. पुण्याहून मामा, मामी आणि त्यांचा मुलगा आले तेव्हा कळलं. तिघं मागे, डिकी बॅगांनी गच्च, टाकीही भरलेली. फूल्सब्युटेल विमानतळावरून येताना मोठ्या रस्त्यावर सगळं ठीक होतं. ओटेन्सनच्या दगडी फरसबंदीवर आलो आणि प्रत्येक खळग्यात मागून खर्रर्र आवाज यायला लागला. मामी म्हणाली, "अरे, खाली कोणी करवत चालवतंय का?" सोबत जळक्या रबराचा वासही येत होता.

घरी पोचल्यावर टॉर्च घेऊन मागच्या उजव्या चाकाशी बसलो. टायरची नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते त्या खांद्यावर गोल फिरत गेलेला चर होता, नख रुतेल इतका खोल. कमानीचा पत्रा आत वळून जी कड होते तिच्यावरचा रंग वीतभर उडाला होता आणि खालचं लोखंड चकचकत होतं. आतल्या प्लॅस्टिकवर रबराचा काळा भुगा बसला होता. हा चर आणखी खोल गेला असता तर आतल्या धाग्यांपर्यंत पोचला असता, आणि तसा टायर ऑटोबानवर दीडशेच्या वेगात फुटला तर काय होतं हे सांगायला नको.

आता कारण. बहुतेकांना वाटतं, टायर रुंद म्हणून घासतो. माझ्या गाडीच्या मागच्या टायरचं माप होतं २४५/४० आर१७. पण ई४६ला कंपनीच्याच सतरा इंची चाकांमध्ये मागे हेच माप मिळायचं, साडेआठ इंची रिमवर, आणि ते घासत नसे. फरक होता ऑफसेटमध्ये. इथे त्याला ईटी म्हणतात. रिमची मधली रेषा आणि रिम जिथे हबला टेकते तो पृष्ठभाग, यांच्यातलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ईटी. कंपनीच्या त्या रिमचं ईटी ५०, माझ्या गाडीवर आलेल्या रिमचं ३५. आकडा जितका लहान तितकं चाक बाहेर. म्हणजे टायर तोच, रिमची रुंदी तीच, पण चाक १५ मिलिमीटर बाहेर उभं. कमानीखाली पंधरा मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झाले.

रिमची रुंदीही बदलत असेल तर हिशेब दोन पायऱ्यांत करावा. समजा साडेसात इंची, ईटी ४१ काढून साडेआठ इंची, ईटी ३५ लावायची आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याचा निम्मा, १२.७, दोन्ही बाजूंना वाढला. ईटी ६ने कमी झालं, म्हणून बाहेरच्या बाजूला १२.७ अधिक ६, म्हणजे जवळजवळ १९ मिलिमीटर. आतल्या बाजूला १२.७ उणे ६, म्हणजे सात मिलिमीटरच्या आत. हा हिशेब रिमच्या कडांचा झाला, टायरचा फुगवटा त्याहून वेगळा. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवा, खांदा एकाचा गोल तर दुसऱ्याचा चौकोनी दिसेल. घासतो तो खांदा, आणि तो बाजूवर छापलेल्या मापात दिसत नाही.

हे सगळं उभ्या गाडीचं. माझ्या गाडीत खरी गोम वेगळीच होती. चाकांची नोंद झाल्यावर मालकाने ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या होत्या. त्या बसवताना मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावरचा रबरी बंपर कापून आखूड केला होता. चाक कमानीत किती वर जाऊ शकतं हे शेवटी स्प्रिंग ठरवत नाही, तो बंपर ठरवतो. तो आखूड झाला म्हणजे चाकाला पूर्वी कधीच जाता आलं नव्हतं तिथपर्यंत वाट मोकळी झाली. आणि भरलेली गाडी तिथपर्यंत जाते.

कागदांचं म्हणाल तर चाकांच्या कागदावर गृहीत धरलं होतं की गाडीची उंची मूळची आहे. स्प्रिंगांच्या कागदावर गृहीत धरलं होतं की चाकं मूळची आहेत. दोन्ही एकत्र कोणी तपासलेलंच नव्हतं. जर्मनीच्या वाहन नियमांत, श्टेफाऊत्सेटओच्या कलम १९नुसार, अशा न तपासलेल्या जोडीमुळे गाडीची चालवण्याची परवानगीच संपुष्टात येऊ शकते. मग दंड आलाच, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला प्रश्न विचारायला आयती जागा मिळते. गाड्यांचा दिमाख मिरवणाऱ्यांच्या मागावर असलेलं हॅम्बर्ग पोलिसांचं ऑटोपोझर पथक २०१७पासून रस्त्यावर आहे. त्यांचा मुख्य राग कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरवर असला तरी संशय आला की गाडी थेट तज्ज्ञाकडे तपासणीला जाते.

म्हणून चाकं विकत घेण्याआधी त्यांचा कागद मागवून वाचा. एबीई, म्हणजे सर्वसाधारण परवाना असो किंवा टाइलेगुटआख्टन, म्हणजे त्या भागाचा तज्ज्ञ-अहवाल, पहिल्या पानावरच्या शिक्क्यावर खूश होऊ नका. पुढे तक्ता असतो: तुमच्या गाडीचा टाइप, टायरचं माप, आणि त्यापुढे आउफलागेन, म्हणजे अटींचे छोटे संकेत, अक्षर आणि आकडे. त्यांचा अर्थ शेवटच्या पानांवर दिलेला असतो. मागच्या कमानीची कड अमुक भागात आत वळवावी, प्लॅस्टिकचं अस्तर कापावं, कमान रुंद करावी अशी वाक्यं तिथे सापडतात. तुमचा टायर कुठे घासणार हे कोणीतरी आधीच मोजून लिहून ठेवलंय. ती पानं जर्मनमध्ये आहेत म्हणून आपण उलटतो, आणि मग वर्कशॉपमध्ये दुप्पट पैसे देतो.

घरी मोजायचं असेल तर माझा उपाय कणकेचा. घट्ट मळलेल्या कणकेचे सुपारीएवढे गोळे कमानीच्या आतल्या कडेला चार-पाच ठिकाणी दाबून बसवा. मग मागे तीन मोठी माणसं, डिकीत सामान, आणि गाडी अगदी सावकाश खळग्यातून न्या. एक मागचं चाक फुटपाथच्या उतारावर चढवून तिरकी उभी करून बघा. गोळा चपटा झाला तर उरलेली जाडी मोजा. ती पाच मिलिमीटरच्या खाली असेल तर मी नको म्हणतो, कारण वेगात टायर थोडा फुगतो आणि इथे ऑटोबानवर वेग खरोखरच वाढतो. अधिकृत तपासणीतही हीच कल्पना असते: गाडीत वजन भरतात, एक मागचं आणि त्याच्या तिरकस समोरचं पुढचं चाक उंचावर चढवतात आणि दिवा घेऊन खाली बघतात. रबरी बुश झिजलेले असतील तर चाक भाराखाली बाजूलाही सरकतं. ई४६च्या मागच्या आर्मचे बुश यासाठी प्रसिद्ध आहेत. ते आधी बदला, मग मोजा.

घासतंच आहे असं निघालं तर काय करायचं, यावर माझं मत ठाम आहे. आधी ईटी बदला, म्हणजे योग्य ऑफसेटची रिम शोधा. ते नाही जमलं तर एक माप अरुंद टायर घ्या. त्यानंतर दांड्यावर बसणारे मर्यादक, जे चाकाला अमुक उंचीवर थांबवतात. पण मग खड्ड्यात गाडी आपटते. पत्रा वळवणं सगळ्यात शेवटी. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मडगार्डची कड हातोडीने ठोकून देणारे हात वाकबगार असतात, पण तिथल्या रस्त्यावर हिवाळ्यात मीठ पडत नाही. इथे पडतं. रंग गरम करून, रोलरने, हळूहळू पत्रा वळवला तरी रंगाला बारीक तडे जातात, आतलं सीलंट फाटतं आणि दोन हिवाळ्यांत कमान गंजते. वळवायचीच असेल तर त्याच दिवशी आतून सील करून मेण मारून घ्या. मी हे टाळलं: मूळच्या स्प्रिंगा, पूर्ण उंचीचे बंपर आणि ईटी ५०ची कंपनीची जुनी चाकं. गाडी आता कमी रुबाबदार दिसते.

आणि हो, घासू नये म्हणून चाक आणखी बाहेर ढकलणं हा उपाय नाही. नियमानुसार, धुऱ्याच्या मध्यावर उभी रेषा धरली तर तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या पट्ट्यात टायरची नक्षी कमानीखाली झाकलेली लागते.

बाकीचं थोडक्यात. टायरचा भारांक मूळच्यापेक्षा कमी नको. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. व्यास जवळपास तोच ठेवा: २२५/४५ आर१७चा ६३४ मिलिमीटर भरतो, २४५/४० आर१७चा ६२८. व्यास वाढला तर वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू शकतो, आणि ते नियमात बसत नाही. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या घेरात फरक अजिबात करू नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला फक्त मागे रुंद टायर लावणं ही निव्वळ शोभा, आणि हॅम्बर्गच्या पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो हे वेगळंच. हिवाळ्यात मी चारही चाकांना २०५/५५ आर१६ लावतो, बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले. १ ऑक्टोबर २०२४पासून नुसती एम प्लस एसची खूण हिवाळ्यात चालत नाही.

जुनी, सजवलेली गाडी बघायला जाताना एकटे जाऊ नका. तीन धट्टेकट्टे मित्र घेऊन जा, त्यांना मागे बसवा आणि विकणाऱ्याला म्हणा, फरसबंदीच्या रस्त्यावरून एक चक्कर मारू. कुरकुरला तर दुसरी गाडी बघा.