स्पेनला निघालात? आधी शाळेची भाषा विचारा

महाडच्या एमआयडीसीत रसायन कारखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाला तारागोना फारसं परकं वाटत नाही. दक्षिण युरोपातला सर्वांत मोठा पेट्रोकेमिकल पट्टा तिथेच आहे. ह्यांचं काम लगेच रुळलं. अडलं ते घराचं.

‘स्पॅनिश शिका’ एवढंच आम्हाला सांगितलेलं. चवदार तळ्याजवळच्या आमच्या घरात लेक येताजाता स्पॅनिश आकडे घोकायची. पण तारागोना कातालोनियात, आणि तिथल्या सरकारी शाळांत शिकवतात कातालानमधून. बेळगावला बदली झाली म्हणून कुणी हिंदीची तयारी करून जावं, तशी गत. दुकानात, दवाखान्यात स्पॅनिशवर भागतं. शाळेच्या चिठ्ठ्या आणि पालकसभा मात्र कातालानमध्ये. नव्या मुलांसाठी शाळांत वेगळा स्वागतवर्ग असतो, त्याची चौकशी प्रवेश घेतानाच करा. आमची बरेच दिवस वर्गात गप्पच होती. पहिल्यांदा सलग बोलली ती गावाबद्दल: २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी प्राशन केलं ती हकिकत. पाण्यासाठी सत्याग्रह का, हे मुलांनी तिला खोदून विचारलं. तेव्हा आपल्या गावाचा इतिहास मुलांना नीट सांगून ठेवा.

घर घेताना ‘पाद्रोन’चं, म्हणजे नगरपालिकेतल्या रहिवासी नोंदीचं, पहिल्यांदा बोला. शाळा, आरोग्य कार्ड, सगळं त्या नोंदीवर. आमचा पहिला घरमालक भाडं वेळेवर घ्यायचा, लेखी करार मात्र देईना, त्यामुळे ही नोंदच अडली. असं घर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

नावाचा घोळ तर आपल्याकडच्या बायकांच्या वाट्याला हमखास. तिथे माणसाला दोन आडनावं, त्यामुळे मधलं नाव पहिलं आडनाव समजतात. दवाखान्यात मला ह्यांच्या नावाने हाक मारायचे! प्रत्येक फॉर्म भरताना पासपोर्टवरचा आडनावाचा रकाना दाखवा. जन्माचे आणि लग्नाचे दाखले इथूनच अपोस्टिल करून न्या. जुलै २०२१ च्या पुरात ज्यांचे कागद भिजले, त्यांनी नव्या प्रती आधी काढाव्यात.

दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद, जेवण रात्री नऊनंतर. याची सवय होते.

माणसं मात्र आम्हाला मिळाली ‘कास्तेल’मध्ये. आपल्या दहीहंडीसारखे मानवी मनोरे. २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. कंबरेला लांब पट्टा गुंडाळतात, टोकावर हेल्मेट घातलेलं लहान मूल चढतं, आणि खाली गर्दीचा जो पाया असतो त्यात म्हातारी-कोतारीही खांदा देतात. हंडी मात्र नसते, हे लेकीला शेवटपर्यंत पटलं नाही. सूचना सगळ्या कातालानमध्ये. माझी जीभ त्या सरावातच सुटली. शहरात अशी चार पथकं आहेत. सामान लागायची वाट न बघता एखाद्याच्या सरावाला जाऊन उभे राहा.