औषधाआधी नमुना

चि. सुमेध,

कॅरिओटाइप (पेशींच्या क्रोमोसोमची तपासणी) नेमका कधी मागवायचा, असं तू विचारलंस. ज्या निकालामुळे निदान, औषध किंवा रोगाचा अंदाज बदलणार असेल, तिथे अवश्य मागव. आणि उपचार सुरू होण्याआधीच नमुना घे.

ल्युकेमिया किंवा एमडीएसची (मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम) शंका असेल, तर बोन मॅरो काढतानाच हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये वेगळा नमुना घे. कॅरिओटाइपला जिवंत, विभाजन पावणाऱ्या पेशी लागतात. फॉर्मॅलिनमध्ये त्या मरतात. फॉर्मवर नुसतं ‘क्रोमोसोम’ लिहू नकोस, ‘ॲक्यूट ल्युकेमियाची शंका’ असं स्पष्ट लिही. नाहीतर लॅब जन्मजात दोषाची तपासणी समजून लिम्फोसाइट्स वाढवत बसेल.

या तपासणीचं मोल सीएमएलने (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) दाखवलं. 1960 मध्ये नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना फिलाडेल्फिया क्रोमोसोम दिसला; 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी तो 9 आणि 22 या क्रोमोसोमांच्या अदलाबदलीतून होतो हे दाखवलं; 2001 मध्ये त्यातून घडणाऱ्या प्रथिनावरच काम करणारं इमॅटिनिब रुग्णांच्या हाती आलं. एपीएलमध्ये (ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) 15 आणि 17 यांची अदलाबदल शोधायची असते. तिथे मात्र रिपोर्टची वाट पाहू नकोस. नमुना घे आणि एट्रा (ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड) लगेच सुरू कर. या रोगातला रक्तस्राव रिपोर्टसाठी थांबून राहत नाही.

सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) आणि मायलोमाच्या पेशी कल्चरमध्ये सहज वाढत नाहीत, म्हणून तिथे फिश (चमकणाऱ्या प्रोबने ठराविक जनुकीय बदल शोधणारी तपासणी) मागव. सीएलएलमध्ये उपचार बदलताना दर वेळी 17पी (17व्या क्रोमोसोमची आखूड भुजा) गळली आहे का, ते पुन्हा पाहा. गाठींमध्ये फिश पॅराफिन ब्लॉकवरही होते: युइंग सार्कोमाची शंका असेल तर ईडब्ल्यूएसआर1 जनुकासाठी, स्तनाच्या कर्करोगात हर2 प्रथिनाची रंगचाचणी दोन प्लस (अनिश्चित) आली तर हर2 जनुकासाठी. हाडाची बायोप्सी असेल तर लॅबला आधीच फोन कर. तीव्र ॲसिडने हाड मऊ केलं की डीएनए खराब होतो.

साध्या ॲनिमियात मात्र आधी लोह, बी12 आणि फोलेट बघ. अनावश्यक तपासणीचा खर्च रुग्णाच्या घरच्यांच्या माथी बसतो.

एक विनंती. पहिला स्टेरॉइडचा डोस लिहिण्यापूर्वी ‘क्रोमोसोमचा नमुना गेला का?’ हे सिस्टरला विचारत जा. उपचारानंतर तो नमुना पुन्हा मिळत नाही.

तुझा,
मामा