जुना नकाशा आणि नवा नकाशा

जगातील काही नकाशा-ग्रंथालये संशोधकांना व चित्रकारांना अभ्यासवृत्ती देऊन बोलावतात. जुन्या नकाशांत त्यांना काय सापडते? एक उदाहरण पाहू.

समजा, जळकोटजवळचा एक ओढा तुम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या दोन नकाशांवर दोरा ठेवून मोजला. जुन्या नकाशावर तो ५ सें.मी. भरला, नव्यावरही ५ सें.मी. मग ओढा होता तेवढाच राहिला का? आधी प्रमाण पाहा! जुन्याचे प्रमाण १:६३,३६०, म्हणजे मैलाला एक इंच, नव्याचे १:५०,०००. गुणाकार करा. पूर्वीची लांबी सुमारे ३.१७ कि.मी., नंतरची २.५ कि.मी. उरलेला ओढा तलावात बुडाला, की नांगराखाली गेला? ते मात्र काठाने चालत जाऊन, गावातील वडीलधाऱ्यांना विचारूनच कळेल.