बांधलेल्या वैऱ्याला मारावे काय?

सज्जनहो, गेल्या चातुर्मासात एका गावी आमचे भागवताचे निरूपण चालू होते. अश्वत्थाम्याला अर्जुनाने बांधून आणले आणि ज्या द्रौपदीची पाच मुले त्याने झोपेत मारली, तीच द्रौपदी म्हणाली, ह्याला सोडा. इथवर कथा आली व त्या दिवशीचे निरूपण संपले. मुक्कामी परतताना कॉलेजात शिकणारा आमचा नातू म्हणाला, "आजोबा, बॅटमॅनचं असंच आहे. जोकरला धरतो, पण मारत नाही. मग तो सुटतो नि पुन्हा माणसं मारतो. ह्याला धर्म म्हणायचं का?"

आम्ही आधी हसलो. चित्रांच्या पुस्तकातला वीर, त्याला कसला धर्म नि कसले काय! पण शंका खरी होती. म्हणून त्याच्याकडून सारी कथा नीट समजून घेतली. जे ध्यानात आले ते येथे मांडतो.

बॅटमॅन हा अमेरिकेतल्या चित्रकथांचा नायक. बॉब केन व बिल फिंगर या दोघांनी तो घडवला. १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात तो प्रथम आला. गॉथम नावाच्या कल्पित नगरीतला हा धनिकाचा मुलगा. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत एका लुटारूने आईबापांना गोळी घातली. मोठेपणी वटवाघळाचा वेष घेऊन तो रात्री गुन्हेगारांना धरू लागला. पण न मारण्याचे व्रत त्याला जन्मापासूनचे नव्हे बरे! पहिल्याच कथेत त्याच्या ठोशाने एक गुन्हेगार तेजाबाच्या टाकीत पडून मरतो, आणि ह्याला त्याची खंत नाही. १९४० साली तर विमानातून बंदूक चालवतानाही तो दिसला. तेव्हा संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी हे थांबवले. ह्याने बंदूक धरायची नाही, जीव घ्यायचा नाही, असा नेम पडला. त्याच वर्षी जोकर आला. लेखकांच्या मनात त्याला तेव्हाच मारायचे होते. संपादकांनीच त्याला जगवले. म्हणजे व्रत आणि व्रताची परीक्षा घेणारा, दोघेही एकाच हातून कायम झाले.

आता पूर्वपक्ष ऐका. १९८८ च्या एका कथेत जोकरने जेसन टॉड या मुलाला लोखंडी गजाने मारले व स्फोटात उडवले. जेसन हा बॅटमॅनचा चेला, मुलासारखा वाढवलेला. तो जगावा की मरावा हे प्रकाशकांनी वाचकांवर सोपवले. टेलिफोनवरून मते आली. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. फरक अवघा ७२ चा! जोकरला कोणी मारले नाही, आणि पोर मात्र घरबसल्या मारले गेले. पुढे २००५-०६ च्या कथेत हाच जेसन जिवंत परत येतो नि विचारतो : सगळ्यांना मार असे मी म्हणत नाही, पण ज्याने मला मारले त्या एकाला तू अजून का ठेवलास? बॅटमॅनच्या उत्तराचा आशय असा : मारणे अवघड म्हणून नव्हे, फार सोपे म्हणून मी ते करत नाही. एकदा त्या वाटेला गेलो की माघारी येणे नाही.

अहो, हे उत्तर अर्धेच आहे. कोणी म्हणेल, तुझे मन स्वच्छ राहावे म्हणून इतरांची पोरे का मरावी? सोवळे तू नेसायचे आणि किंमत दुसऱ्याने द्यायची? शिवाय शस्त्र उगारून अंगावर येणाऱ्या आततायीला मारण्यात शास्त्रानेही दोष मानलेला नाही. शंका बळकट आहे. ती टाळून चालणार नाही.

समाधान असे. आततायी कोण? ज्याचे शस्त्र या क्षणी उगारलेले आहे तो. त्या क्षणी दुसऱ्याचा जीव वाचवताना त्याचा गेला तर तो प्रश्न निराळा. पण जेसन जे मागतो ते हे नव्हे. तो धरलेल्या, बांधलेल्या माणसाचा वध मागतो. हात बांधले गेले की आततायीचा अपराधी झाला. त्याचा न्याय करणे हे दंड धारण करणाऱ्याचे, म्हणजे राजाचे, आजच्या भाषेत न्यायालयाचे काम. बॅटमॅनला हा अधिकार कोणी दिला? कोणीच नाही. तोंड झाकून, कोणाला जाब न देता जो हाती बळ घेतो, त्याच्यात आणि लुटारूत हे एकच व्रत अंतर ठेवते. ते गेले की उरते काय? म्हणून त्याने न मारणे आजही योग्यच, असे आमचे मत.

पण एवढ्याने सुटका नाही. भागवतात पुढे काय झाले ते आठवा. अश्वत्थाम्याचा मणी काढून त्याला हाकलले, आणि त्याने उत्तरेच्या गर्भावर ब्रह्मास्त्र सोडले. क्षमेची किंमत आलीच! पण तेथे भगवंत राखणीला उभे होते. त्यांनी गर्भ वाचवला. तात्पर्य, ज्याने सोडले त्याने राखण करावी. गॉथमचा खरा दोष जोकर जिवंत आहे हा नव्हे. आर्कमच्या वेड्यांच्या इस्पितळात त्याला ठेवतात आणि कुलूप कोणी सांभाळत नाही, हा दोष. २००५ च्या चित्रपटात बॅटमॅन शत्रूला म्हणतो, तुला मारणार नाही, पण वाचवलेच पाहिजे असेही नाही. आणि धावत्या गाडीत त्याला सोडून जातो. हे व्रताचे अक्षर पाळणे झाले. २००८ च्या चित्रपटात तो उंचावरून पडणाऱ्या जोकरला दोर टाकून धरतो. हे व्रत.

हे आम्ही पोथीतूनच सांगतो असे नाही. तरुणपणी एका यात्रेत दानपेटी फोडणारा सापडला. त्याला खांबाला बांधले होते, तरी मारणे थांबेना. आमचाही हात दोनदा पडला, लपवत नाही. एक म्हातारे वारकरी मध्ये येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्याचे हात बांधलेत. आता तुमचे कोण बांधणार?" आम्ही सारे निजायला गेलो. ते मात्र कंदील घेऊन रात्रभर त्याच्यापाशी बसले : तो पळू नये म्हणून, आणि त्याला कोणी मारू नये म्हणून. सकाळी पोलीस आले तेव्हाच उठले.

नातवाला आम्ही हेच सांगितले. मारू नको म्हणणे हा अर्धा धर्म. उरलेला अर्धा त्या कंदिलापाशी बसण्यात आहे, आणि जड तोच आहे.