कोरड्या हिवाळ्यात आधी वारा अडवा, मग पाणी द्या
पांढुर्णा-सौंसर भागातील घरातली झाडे आणि शेडनेटमधील रोपांसाठी हिवाळी सल्ला

दिवाळी सरली की सातपुड्यावरून ईशान्येचा कोरडा वारा उतरू लागतो आणि महाशिवरात्रीपर्यंत त्याचा मुक्काम असतो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात या दिवसांत शेतकऱ्याचे सगळे लक्ष संत्र्याच्या बागेकडे असते. आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडलेली असते, मृग बहाराची फळे झाडावर असतील तर तिथे पाण्याची पाळी सांभाळायची असते. या धावपळीत छपराखालच्या झाडांचे हाल होतात. शेडनेटमधले जंबेरीचे खुंट, प्रो-ट्रेमधली भाजीची रोपे, घराच्या सपरीतल्या कुंड्या या सगळ्यांच्या पानांची टोके करपतात. मग घाईने पाणी वाढवले जाते आणि पान वाचवता वाचवता मूळ कुजते.

झाडाला ओल दोन ठिकाणी लागते, मुळाशी आणि पानाभोवतीच्या हवेत. हिवाळ्यात मुळाची गरज कमी होते, पण दुपारच्या हवेतली ओल त्याहून जास्त घटते. या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा ठेवला तर हिवाळ्यातली बरीच मर टळते.

पहाटे दव, दुपारी कोरड

पहाटे पाने दवाने ओली असतात, म्हणून हवा दमट आहे असे वाटते. पण हवा जितकी तापते तितके जास्त बाष्प तिला सामावून घेता येते. १० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅम बाष्प मावते, तर २८ अंशांना सुमारे २७ ग्रॅम. पहाटे १० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत साडेसात ग्रॅम बाष्प असते. दुपारी तीच हवा २८ अंशांवर गेली आणि नवे बाष्प मिळाले नाही, तर आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे धोक्याची वेळ सकाळी अकरा ते दुपारी चारची. याच वेळी पानातून पाणी झपाट्याने उडते, थंड मातीतले मूळ तितक्या वेगाने ते पुरवू शकत नाही आणि पान आपली रंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की वाढ थांबते, आणि पुरवठ्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या पानाच्या कडा आधी वाळतात.

दोन थर्मामीटरचे मोजमाप

बाजारात आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र मिळते. ते नसेल तर खोलीचे तापमान दाखवणारे दोन साधे थर्मामीटर घ्या. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही. दोन्ही शेजारी ठेवून सारखेच तापमान दाखवतात का ते आधी पाहा. मग एकाच्या फुग्याला स्वच्छ सुती चिंधी गुंडाळा, ती पाण्याने भिजवा आणि दोन्ही थर्मामीटर झाडाच्या उंचीवर सावलीत टांगा. हातपंख्याने दोन-तीन मिनिटे वारा घाला. ओल्या थर्मामीटरचा पारा खाली येऊन थांबला की दोघांतले अंतर पाहा.

खोलीचे तापमान २६ ते २८ अंश असताना हे अंतर असे वाचावे:

- अंतर ६ अंश : आर्द्रता ६० टक्क्यांजवळ. रोपांना आणि नाजूक झाडांना योग्य.
- अंतर ८ अंश : ५० टक्क्यांच्या किंचित खाली. बहुतेक घरगुती झाडांना पुरेशी, रोपांना कमी.
- अंतर ११ अंश : ३२ टक्क्यांच्या आसपास. लगेच उपाय करा.

दुपारी दोनच्या सुमारास रोज एकदा हे मोजावे. आठवडाभरात आपल्या शेडनेटचा आणि खोलीचा स्वभाव कळतो.

पाणी देण्याआधी पान वाचा

पानाची टोके आणि कडा कुरकुरीत तपकिरी, पण कुंडीतली माती ओली, तर दोष हवेचा आहे. सगळे झाड मलूल आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली, तर मुळाला पाणी हवे. खालची पाने पिवळी पडून मऊ झाली आणि मातीला आंबूस वास आला, तर पाणी जास्त झाले आहे, पाळी ताबडतोब थांबवा.

कोकोपीटच्या बाबतीत विशेष जपावे. वरचा थर वाळून फिकट दिसतो, पण खाली ओल टिकून असते. रंग पाहून झारी उचलू नका. ट्रेचा एक कोपरा उचलून वजन पाहा किंवा एक रोप हळूच वर काढून मुळाभोवतीचा गोळा दाबून बघा. बोटांना ओल लागली तर पाणी दुसऱ्या दिवसावर ढकला.

आडोसा हाच पहिला उपाय

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीची हवा २८ अंशांना ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर न्यायला जेमतेम १५० मिलिलिटर पाण्याची वाफ पुरते. एका कपाचे हे काम आहे. पण दार-खिडकीतून वारा आरपार वाहत असेल तर ती ओल काही मिनिटांत बाहेर जाते आणि बादलीभर पाणी शिंपडूनही हाती काही लागत नाही. शेडनेटमध्येही हेच घडते.

रामटेक आणि अंजनगाव सुर्जीच्या बारी समाजाने पानमळे याच तत्त्वावर जोपासले. नागवेलीला दमट हवा लागते आणि विदर्भाची हवा वर्षातला मोठा काळ कोरडी. म्हणून मळ्याला चहूबाजूंनी दाट आडोसा, आत शेवरी-पांगाऱ्याची सावली आणि थोडे थोडे पण वारंवार पाणी. आधी वारा, मग ऊन, मग पाणी हा त्यांचा क्रम आजच्या शेडनेटलाही तंतोतंत लागू पडतो.

शेडनेटच्या उत्तर आणि पूर्व बाजूला जमिनीपासून पाच-सहा फुटांपर्यंत दुपदरी नेट, तुराट्यांचा ताटवा किंवा जुने बारदान बांधा. पश्चिम आणि दक्षिण बाजू उघडझाप करता येईल अशी ठेवा. बारदान अकरा वाजता भिजवले तर आत शिरणारा वारा ओल घेऊन येतो. ते संध्याकाळपर्यंत वाळेल इतकेच भिजवा, कारण रात्रभर ओले राहिलेले बारदान बुरशीला आमंत्रण देते.

घरातल्या कुंड्या

फर्न, कॅलेथिया आणि पीस लिली यांना ५० ते ६० टक्के किंवा त्याहून जास्त आर्द्रता मानवते. अरेका पाम आणि मनी प्लांट ४० टक्क्यांच्या पुढे बऱ्यापैकी राहतात. स्नेक प्लांट, जेड आणि कोरफड यांना कोरड्या हवेची तक्रार नसते, त्यांना हिवाळ्यात जास्तीचे पाणीच मारते. म्हणून सगळ्या कुंड्यांना एकाच दिवशी सारखे पाणी देण्याची सवय सोडावी.

नाजूक झाडे एकत्र, एकमेकांच्या पानांना जेमतेम स्पर्श होईल इतकी जवळ ठेवा. प्रत्येक पान वाफ सोडते, त्यामुळे घोळक्यातली हवा भोवतालच्या हवेहून ओलसर राहते. कुंड्यांखाली पसरट थाळीत खडे आणि पाणी ठेवता येते, पण पाण्याची पातळी खड्यांच्या खाली हवी आणि कुंडीचा तळ कोरडा. थाळीचा परिणाम वीतभर अंतरापुरताच असतो, ती एका कोपऱ्यात ठेवून खोलीभर ओल पसरत नाही. मातीचा माठ किंवा रांजण भरून झाडांच्या मधोमध ठेवला तर त्याच्या अंगातून दिवसभर हळूहळू वाफ निघत राहते.

पानांवर फवारा मारल्याने धूळ निघते, पण हवेतली ओल थोडाच वेळ वाढते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर पानांवर पांढरे डाग बसतात. त्यासाठी साठवलेले पावसाचे किंवा गाळलेले पाणी वापरा आणि आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसा.

कवेलूच्या घरात आणि टिनाच्या घरात फरक करावा लागतो. टिनाचे छत दुपारी तापून आतली हवा अधिक कोरडी करते आणि पहाटे त्याच टिनावरून दवाचे थेंब पानांवर ठिबकतात. अशा घरात कुंड्या छतापासून खाली, भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवा. फ्रिजच्या मागची गरम हवा, चुलीची धग आणि पश्चिमेच्या खिडकीचे थेट ऊन यांपासून त्या दूर असाव्यात.

शेडनेटमधली रोपे

शेडनेटच्या वाटांवर वाळू किंवा विटांचे तुकडे पसरून ते अकरा आणि दोन वाजता ओले करा. रोपांना हात न लावता हवेत ओल भरण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. फॉगर असतील तर ते थोडा वेळ चालवा, थांबवा, पुन्हा चालवा. पानावरून पाणी ओघळू लागले की फॉगर गरजेपेक्षा जास्त चालला असे समजावे. दुपारी साडेतीन-चारनंतर फॉगर बंद, म्हणजे अंधार पडण्याआधी पाने सुकतात. क्षारांमुळे फॉगरची छिद्रे लवकर बुजतात, म्हणून गाळणी दर आठवड्याला उघडून धुवा.

शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली तर रोपांना तेव्हाच पाणी देण्याचा मोह होतो. तो टाळा. रात्री टाकी भरून घ्या आणि पाणी सकाळी ऊन चढल्यावर द्या. थंड रात्री ओले राहिलेले खोड आणि भिजलेली माती डिंक्या व मूळकुजीच्या फायटोफ्थोरा बुरशीला पोसतात. संत्र्याच्या पट्ट्यात या बुरशीने किती बागा खिळखिळ्या केल्या हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. त्या बागेची सुरुवात रोपवाटिकेतल्या रोपापासून होते, म्हणून इथली काळजी पुढच्या पंधरा-वीस वर्षांची काळजी आहे. पिशव्या थेट जमिनीवर न ठेवता उंच मांडणीवर किंवा खडीच्या थरावर ठेवा. १९८५ मध्ये सुरू झालेली नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था निर्जंतुक माध्यमात, पिशव्यांमध्ये रोपे वाढवण्यावर भर देते, तेही यासाठीच.

डोळे भरताना

नोव्हेंबरपासून खुंटांवर डोळे भरण्याचे काम चालते आणि कोरड्या हवेचा सर्वांत मोठा फटका इथे बसतो. कापलेल्या डोळ्याला मूळ नसते, खुंटाशी जोड बसेपर्यंत त्याच्या अंगात असेल तेवढ्याच ओलाव्यावर तो जगतो.

डोळे भरण्याच्या दोन-तीन दिवस आधी खुंटांना पाणी द्या, म्हणजे साल सहज सुटते. डोळकाडी सकाळी लवकर कापा, पाने काढून देठाचा छोटा भाग ठेवा आणि काड्या ओल्या, पिळून काढलेल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. काम दहा-साडेदहापर्यंत आटोपा किंवा चारनंतर करा. साल उघडल्यापासून पट्टी बांधेपर्यंत हात थांबता कामा नये. पट्टी खालून वर, एकावर एक घेत बांधली की आत ओल टिकते आणि बाहेरचे पाणी शिरत नाही. पुढचे तीन आठवडे त्या वाफ्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला आडोसा ठेवाच. देठाचा तुकडा पिवळा होऊन अलगद गळला तर डोळा जिवंत आहे. तो वाळून चिकटून राहिला तर खुंटाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा डोळा भरा.

कोळी, भुरी आणि मर

कोरडी उबदार हवा लाल कोळ्याला मानवते. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले तर खाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटका. कागदावरचे ठिपके चालू लागले तर तो कोळी आहे. सुरुवातीला पानांची खालची बाजू पाण्याच्या बारीक धारेने धुणे पुरते. प्रादुर्भाव वाढला तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळच्या आधी फवारा, सात-आठ दिवसांनी पुन्हा फवारा. तेल आणि गंधक यांची फवारणी एकमेकांपासून किमान दोन आठवडे दूर ठेवा, नाहीतर पाने करपतात.

ओल वाढवण्याच्या नादात हवा कोंडली तर भुरी येते आणि ट्रेमधली कोवळी रोपे बुडाशी सडून कोलमडतात. म्हणून रोज सकाळी आडोसा थोडा वेळ उघडा. दाट रोपे विरळ करा. कोलमडलेली रोपे भोवतालच्या माध्यमासकट काढून लांब टाका आणि ट्रे भरतानाच माध्यमात ट्रायकोडर्मा मिसळा.

दिवसाचा क्रम

- सकाळी ८ ते १० : आडोसा उघडा, दव सुकू द्या. गरज असेल त्याच रोपांना मुळाशी पाणी द्या.
- साडेदहा-अकरा : उत्तर-पूर्व बाजू बंद, वाटा आणि बारदान ओले.
- दुपारी २ : दोन थर्मामीटर पाहा. अंतर ८ अंशांच्या वर असेल तर पुन्हा वाटा ओल्या करा.
- ४ वाजता : पाणी पूर्ण बंद, पश्चिम बाजू थोडी उघडा.
- सूर्यास्त : पाने कोरडी असल्याची खात्री करून कोवळ्या रोपांवर आच्छादन घाला.

संशयास्पद रोप दिसले तर ते मुळासकट पिशवीत घालून छिंदवाड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, नुसते पान नेऊन मूळकूज ओळखता येत नाही. आणि हाती वेळ-पैसा कमी असेल, तर निदान तीन कामे सोडू नका : ईशान्येकडचा आडोसा, चारनंतर पाणी बंद आणि पाणी देण्याआधी कुंडी उचलून पाहणे. यांपैकी एकालाही जुन्या बारदानापलीकडे खर्च नाही, आणि ही तिन्ही कामे उद्या सकाळपासून सुरू करता येतात.