रिलीफ व्हॉल्व्हचं तोंड बंद करू नकोस

चि. स्वप्नील,

ताईचा फोन आला होता. सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर तू ऑपरेटर म्हणून रुजू झालास, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. घरात एकदोघांना हे काम कमीपणाचं वाटतंय, तेही कानावर आलं. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला तरी तसं वाटू नये. १९४६च्या सुमारास विनोबा पवनारहून खांद्यावर फावडं घेऊन रोज सुरगावला पायी जात आणि उघड्यावरचा मैला साफ करत. पुढे वर्धा आणि हिंगणघाट दोन्ही शहरं ‘अमृत’ या पाणीपुरवठा-मलनिस्सारणाच्या अभियानाच्या यादीत आली. फावड्याच्या जागी पंप आलाय, पण काम तेच आहे, आणि ते मन लावून करणारी माणसं अजूनही कमीच आहेत.

पंप चालू-बंद करणं तू चार दिवसांत शिकशील. मला लिहायचंय ते रिलीफ व्हॉल्व्हबद्दल, कारण तो कोणी नीट शिकवत नाही. महिनोन्‌महिने तो गप्प असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. आणि ज्या दिवशी तो बोलतो, त्या दिवशी लोक त्याचं तोंड बंद करायला धावतात.

पंप चालू असताना रायझिंग मेनमधलं, म्हणजे पंपापासून पुढे जाणाऱ्या मुख्य पाइपातलं, सगळं सांडपाणी एका वेगानं पुढे जात असतं. लाईन गेली की पंप लगेच थांबतो, पाणी थांबत नाही. ते पुढे ओढलं जातं, पंपाजवळचा दाब पडतो, मग तेच पाणी उलटं फिरतं आणि मिटलेल्या एनआरव्हीवर, म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर, येऊन आदळतं. या दणक्याचं गणित निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी एकदम अडलं, तर लोखंडी पाइपात साधारण शंभर मीटर पाण्याइतका, म्हणजे आपल्या भाषेत (चौरस सेंटिमीटरला) दहा किलोचा जादा दाब उठतो. एचडीपीई पाइप लवचीक असल्यामुळे त्यात तो बराच कमी असतो. मे-जूनमध्ये आपल्याकडे संध्याकाळी वावटळ सुटली की तासाभरात लाईन कितीदा तरी जाते-येते. दर वेळी हा दणका पाइपाला सोसावा लागतो. त्यात आपली जमीन काळी: उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पुरलेल्या पाइपांचे सांधे हलवते. हललेल्या सांध्याला दहा किलोचा धक्का पुरेसा आहे.

असा दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, थोडं पाणी परत वेट वेलमध्ये, म्हणजे सांडपाणी साठणाऱ्या विहिरीत, सोडतो आणि पुन्हा मिटतो. स्वच्छ पाण्यावर हे सोपं आहे. सांडपाण्यात चिंध्या, केस, प्लॅस्टिक, घराघरांतल्या तेलातुपाचा चिकटा येतो. सीटवर एक चिंधी अडकली तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि पाणी झिरपत राहतं. उलट चिकटा वाळून बसला तर तो वेळेवर उघडतच नाही, आणि हे बाहेरून दिसत नाही. झिरपणाऱ्यापेक्षा मला या न उघडणाऱ्याची जास्त भीती वाटते.

एका स्टेशनवर व्हॉल्व्हमधून सारखं पाणी येतं, फरशी ओली होते, म्हणून कोणीतरी त्याच्याखालचा स्लूस व्हॉल्व्ह फिरवून बंद करून टाकला होता. फरशी कोरडी झाली. पुढे एका वादळात लाईन गेली आणि रस्त्याखालचा सांधा उघडला. मैलापाणी लोकांच्या अंगणात शिरलं. म्हणून तो खालचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्याला साखळी-कुलूप लाव आणि किल्ली रजिस्टरजवळ ठेव. स्प्रिंगचा नटही हात शिवशिवले म्हणून आवळायचा नाही. कोणत्या दाबाला उघडायचं, हे डिझाइन करणारा पाइपाची ताकद आणि पंपाचा दाब बघून ठरवतो; तो आकडा कागदावर मागून घे. व्हॉल्व्ह वारंवार उघडत असेल तर कारण शोध: एनआरव्ही उशिरा मिटतोय का, पुढचा एअर व्हॉल्व्ह चोंदलाय का, कोणी डिलिव्हरी झटक्यात बंद करतंय का.

महिन्यातून एकदा रिलीफ व्हॉल्व्हला हात लाव. पंप बंद कर, खालचा व्हॉल्व्ह मिट, गेज शून्यावर आल्याशिवाय पाना उचलू नकोस. मग लिव्हर हातानं उचलून बघ. तो अडखळत उठला तर आत चिकटा आहे असं समज. धुण्याच्या तोटीला स्वच्छ पाण्याची नळी जोडून बाहेर येणारं पाणी निवळेपर्यंत धू. काम संपलं की खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून कुलूप लाव आणि सहीसकट नोंद कर. गेजकडेही लक्ष ठेव. सांडपाण्याच्या गेजला मध्ये डायफ्रॅम नसेल तर त्याची नळी भरून जाते आणि काटा एकाच जागी बसून खोटं सांगत राहतो.

मुळात रिलीफ व्हॉल्व्ह हा शेवटचा रखवालदार आहे. तुझ्या हातात असेल तेव्हा डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू मिटून मगच पंप थांबव. लाईन परत आली की लगेच बटण दाबू नकोस. उलटसुलट फिरणारं पाणी शांत होऊ दे. आणि पडलेल्या दाबावर रिलीफ व्हॉल्व्हचा काही इलाज चालत नाही, ते काम एअर व्हॉल्व्हचं. म्हणून वाटेतल्या प्रत्येक उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व्ह तितकाच जपायला हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉल्व्हचा चेंबर कमरेइतकाच खोल असला तरी त्यात पटकन उतरू नकोस. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. माणूस तेव्हाच फसतो. झाकण उघडून हवा खेळू दे, गॅस मीटरनं तपास, पट्टा-दोर आणि वर माणूस असल्याशिवाय आत पाय टाकू नकोस. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. गटारातल्या मृत्यूसाठी तीस लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली ठरवली. कोणी वरचा ‘दोन मिनिटांचं काम आहे, उतर’ म्हणाला तर नाही म्हण. नोकरीचं काही झालं तर मी बघून घेईन.

आत कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तरी त्याच्यामागे उडी टाकू नकोस. वाचवायला गेलेला दुसराही तिथेच पडतो, हे मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. आधी हवा, दोर आणि अग्निशमन दलाला फोन.

तुमच्या व्हॉल्व्हवरच्या पाटीचा आणि पंप चालू असतानाच्या गेजचा फोटो मला पाठव. डिझाइनचा कागद मिळाला तर तोही. मृगाचा पाऊस लागायच्या आत दोघं मिळून बघून घेऊ.

तुझा,
मामा