लेबलवरचं मराठी फोनवर का मोडतं? धंद्याचा मजकूर आणि फोटो जपायचा धडा

व्हिडिओत स्क्रीनवर जे भराभर करून दाखवलं, ते इथे सावकाश लिहून देतोय. फोन हातात घेऊनच वाचा, कारण मध्ये एक टेस्ट करायची आहे.

समजा, तुमचा थालीपीठ भाजणीचा घरगुती उद्योग आहे. तीन वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून लेबल करून घेतलं. भाजणीत काय काय आहे, पीठ कसं भिजवायचं, किती दिवस टिकतं, असा दहा-बारा ओळींचा चांगला मजकूर त्यावर आहे. आता तोच व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये टाकायचाय. फाइल मागवली, मजकूर कॉपी केला, पेस्ट केला आणि समोर आली इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. फोन बिघडलेला नाही. फाइलही खराब नाही. त्या फाइलमध्ये मराठी मुळात कधी नव्हतंच!

कसं ते बघा. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी चित्रं बसवायचे. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्हच असतं, फक्त त्या फॉन्टमुळे ते ‘क’ किंवा ‘म’ सारखं दिसतं. फॉन्ट काढला की सोंग उतरलं. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात चालत नाही. युनिकोडने हा घोळ मिटवला. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ म्हणजे ०९१५, मग फॉन्ट कुठलाही असो आणि फोन कुणाचाही असो.

तरी डीटीपीवाले जुनंच का वापरतात? त्यांना नावं ठेवू नका. छपाईला फक्त आकार लागतो आणि तो जुन्या फॉन्टमध्ये उत्तम उमटतो. अनेक ठिकाणी काम अजून पेजमेकरवर चालतं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड कळत नाही. त्यांचं काम कागदापाशी संपतं. तुमचं मात्र तिथून सुरू होतं: कॅटलॉग, वेबसाइट, गूगलवरची दुकानाची माहिती. तिथे शोधणाऱ्याला तुम्ही सापडायला हवे असाल तर अक्षरं खरी अक्षरंच असावी लागतात. ज्यांना दिसत नाही असे ग्राहक फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांनाही हेच लागू.

आता टेस्ट. तुमच्या लेबलच्या किंवा पत्रकाच्या फाइलमधली एक ओळ कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. मराठी दिसलं तर उत्तम. खिचडी दिसली तर फॉन्ट जुना आहे. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास नको. रफार, जोडाक्षरं आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ हमखास तपासा. वजन, किंमत आणि आकडे तर दोनदा तपासा. दहा-बारा ओळीच असतील तर माझं मत सरळ आहे: पुन्हा टाइप करा, कटकट कमी.

टाइप करायला काही विकत घ्यायचं नाही. फोनवर जीबोर्डमध्ये मराठी घ्या. बोटं चालत नसतील तर माइक दाबून बोला आणि नंतर दुरुस्त करा. बोलून केलेलं वर्णन बरेचदा जास्त चांगलं उतरतं, कारण बोलताना आपण ‘पारंपरिक चवीचा अविस्मरणीय आस्वाद’ असं काही म्हणत नाही. ‘ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, धणे-जिरे खमंग भाजून दळलेली भाजणी’ असं म्हणतो. गिऱ्हाईकही ‘थालीपीठ भाजणी’ असंच शोधतं. छापायला सुंदर अक्षर हवं असेल तर मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे युनिकोड फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्यालाही चालतात.

यापुढे क्रम उलटा करा. आधी मजकूर तुमच्याकडे युनिकोडमध्ये पक्का होईल, मग तो डीटीपीवाल्याकडे जाईल. त्याच्या मशीनसाठी त्याला हवा तसा तो बदलून घेईल, पण मूळ प्रत तुमच्याकडेच राहील.

फोटोचंही तेच. भाजणीचं पीठ फोटोत मातीसारखं दिसतं ही नेहमीची तक्रार. खिडकीजवळ टेबल घ्या, थेट ऊन नको. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर दोन उजेडांची सरमिसळ होऊन रंग बिघडतो. उजेड एका बाजूने येऊ द्या म्हणजे दाणा दिसतो, आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा करा म्हणजे सावली मऊ होते. लेन्स पुसा. पाकीट फुगीर दिसत असेल तर फोन मागे न्या आणि २x वर घ्या. फिल्टर नको! मिरची पूड फोटोत जास्त लाल दिसली की पार्सल परत येतं.

हा फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलात की तो लहान होऊन जातो. पुढे बॅनर छापायला तो पुरत नाही. म्हणून डिझायनरला पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतले असतील तर मूळ फाइल्स मागून घ्या. वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशा फोटोंचा पहिला हक्क पैसे देऊन काम सांगणाऱ्याचा असतो. पण फाइलच नसेल तर हक्क घेऊन काय करणार?

सगळं क्लाउडवर आहे असं म्हणणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. गूगलने पिकासा २०१६ मध्ये बंद केलं. गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून संपली, आता मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी. क्लाउड वापरा, जरूर वापरा, पण एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवरही असू द्या.

या आठवड्याचं काम फक्त एका उत्पादनापुरतं. त्याच्या नावाचं एक फोल्डर करा. त्यात युनिकोड मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, मूळ फोटो, एडिट केलेला फोटो वेगळ्या नावाने आणि लेबलची फाइल ठेवा. प्रत्येक नावात तारीख घाला, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ हा प्रकार नको. पुढच्या व्हिडिओत याच फोल्डरमधून कॅटलॉग भरणार आहोत, तेव्हा ते उघडून बसा.